मक्यावरील बुरशीजन्य रोग : फवारणीपूर्वी रोगाची ओळख, कणसाचे पान आणि खर्चाचा हिशेब

महाराष्ट्रात मका हे आता केवळ चाऱ्याचे किंवा घरगुती धान्याचे पीक राहिलेले नाही. कुक्कुटखाद्य, पशुखाद्य, स्टार्च आणि अलीकडे इथेनॉल अशा चार बाजूंनी मक्याला मागणी आहे. नाशिक, छत्रपती संभाजीनगर, जळगाव, धुळे या जिल्ह्यांत खरिपाचे मोठे क्षेत्र या पिकाखाली असते, तर पाण्याची सोय असलेल्या ठिकाणी रब्बी मक्याचाही विस्तार झाला आहे. दर मिळू लागला की शेतकरी पिकावर अधिक खर्च करण्यास तयार होतो. त्यातूनच मक्यावर बुरशीनाशकाची फवारणी करण्याचे प्रमाण वाढत आहे.

ही फवारणी अनेकदा चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या कारणासाठी होते. पान पिवळे दिसले, शेंडा सुकला किंवा शेजाऱ्याने फवारणी केली, एवढ्यावरून औषध आणले जाते. कीटकनाशकाच्या पंपात ‘सोबत थोडे’ बुरशीनाशक मिसळले जाते. अशा फवारणीतून बहुधा खर्च वाढतो, उत्पादन वाढत नाही. मका पिकात बुरशीनाशकाला निश्चित स्थान आहे, परंतु ते मर्यादित आहे. रोग योग्य ओळखला गेला, तो कणसाच्या पानाकडे सरकत असल्याचे दिसले आणि तुरा ते स्त्रीकेसर या अवस्थेच्या सुमारास एक नेमकी फवारणी झाली, तरच तिचा खर्च वसूल होण्याची शक्यता असते. या तीन अटी कशा तपासाव्यात, याचे विवेचन या लेखात केले आहे.

कणसाच्या पानाचे महत्त्व

मक्याच्या झाडाला साधारणपणे १८ ते २२ पाने येतात. दाणा भरण्यासाठी लागणाऱ्या अन्नद्रव्याचा मोठा भाग कणसाजवळचे पान आणि त्याच्या वरची पाने तयार करतात. बुंध्याकडील पाने पिकाच्या वाढीच्या काळात उपयोगी असतात. पुढे त्यांच्यावर सावली पडते आणि ती नैसर्गिकरीत्याही वाळतात. त्यामुळे खालच्या दोन-तीन पानांवर डाग दिसले म्हणून उत्पादन लगेच घटत नाही.

करप्यासारखे रोग बहुधा खालच्या पानांवर प्रथम दिसतात आणि तेथून वर चढतात. स्त्रीकेसर बाहेर पडण्याच्या वेळी किंवा त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत रोग कणसाच्या पानापर्यंत पोहोचला, तर दाणे भरण्याचा संपूर्ण काळ रोगट पानांवर जातो. दाणे लहान राहतात आणि कणसाचे टोक भरत नाही. अन्न कमी पडल्याने झाड खोडातील साठा वापरू लागते, खोड पोकळ व कमकुवत होते आणि पीक लोळते. याउलट दाणा पक्व होत आला असताना रोग वाढला, तर पान कितीही करपलेले दिसले तरी नुकसान अल्प असते. पक्वतेच्या सुमारास केलेली फवारणी म्हणूनच निरर्थक ठरते.

रोगाची ओळख

टर्सिकम करपा : हा रोग एक्सेरोहायलम टर्सिकम या बुरशीमुळे होतो. पानावर लांबट, दोन्ही टोकांना निमुळते, होडीच्या किंवा विडीच्या आकाराचे डाग पडतात. ते प्रथम राखट हिरवे असतात व नंतर फिकट तपकिरी होतात. एकेका डागाची लांबी २.५ ते १५ सेंमीपर्यंत असू शकते. १८ ते २७ अंश सेल्सिअस तापमान आणि पानांवर बराच वेळ टिकणारे दव किंवा पाऊस या बुरशीला मानवतो. पश्चिम महाराष्ट्रातील थंड-दमट पट्ट्यात आणि रब्बी हंगामात या रोगाकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

मेडिस करपा : बायपोलारिस मेडिस या बुरशीचे डाग तुलनेने लहान असतात. त्यांच्या कडा पानाच्या शिरांना समांतर असल्याने ते लांबट चौकोनी दिसतात. रंग फिकट तपकिरी असून कडा किंचित गडद असते. या रोगाला उष्ण व दमट हवामान अनुकूल असते. टर्सिकम आणि मेडिस यांचे डाग एकाच शेतातही आढळू शकतात. त्यांतील फरक प्रामुख्याने आकार व लांबीवरून करावा.

तांबेरा : पानावर उंचवट्यासारखे फोड येतात आणि बोटाने घासल्यास तांबूस भुकटी बोटाला लागते. साधा तांबेरा पक्सिनिया सोर्घी या बुरशीमुळे होतो. त्याचे विटकरी-तपकिरी फोड पानाच्या दोन्ही बाजूंना येतात आणि त्याला थंड हवामान मानवते. पक्सिनिया पॉलिसोरा या बुरशीमुळे होणाऱ्या तांबेऱ्याचे फोड नारिंगी, लहान, दाट आणि प्रामुख्याने पानाच्या वरच्या बाजूस असतात. हा प्रकार उष्ण-दमट हवामानात फार वेगाने पसरतो, म्हणून तो आढळल्यास निर्णयास विलंब करू नये.

केवडा : रोगट रोपांची पाने अरुंद, ताठ व फिकट पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची होतात. सकाळी पानाच्या खालच्या बाजूस पांढरी बुरशी दिसते. पुढे तुऱ्याच्या जागी पानांसारखी विकृत वाढ होते आणि कणीस भरत नाही. पेरोनोस्क्लेरोस्पोरा सोर्घी ही प्रजाती ज्वारीवरही जगते. केवड्याचा धोका रोपावस्थेतच सर्वाधिक असल्याने या रोगाचा खरा उपाय बीजप्रक्रिया हाच आहे.

पर्णकोष करपा : रायझोक्टोनिया सोलानी ही जमिनीत राहणारी बुरशी याचे कारण आहे. जमिनीलगतच्या पर्णकोषावर राखी व तपकिरी पट्ट्यांचे आडवे डाग पडतात. ते सापाच्या कातडीसारखे दिसतात. रोग वर चढत कणसाच्या आवरणापर्यंत गेल्यास कणीस कुजते. दाट लागवड, साचलेले पाणी आणि सततची आर्द्रता असेल तेथे याची तीव्रता वाढते.

बुरशीनाशकाने बरे न होणारे विकार

फवारणी वाया जाण्याचे मोठे कारण म्हणजे बुरशीशी संबंध नसलेल्या विकारावर बुरशीनाशक वापरणे. पुढील लक्षणे प्रथम वगळावीत.

जुन्या पानाच्या टोकापासून मध्यशिरेच्या दिशेने इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा पिवळेपणा दिसल्यास ती नत्राची कमतरता असते. पानांच्या कडा टोकाकडून वाळत गेल्यास पालाशाची आणि कोवळ्या पानांच्या तळाकडे पांढरट रुंद पट्टे दिसल्यास जस्ताची कमतरता संभवते. स्फुरद कमी पडल्यास लहान रोपांची पाने जांभळट होतात.

पोंग्यातील पानांवर छिद्रे, खरवडलेले चट्टे आणि भुशासारखी विष्ठा असल्यास ते अमेरिकन लष्करी अळीचे काम आहे. ही कीड २०१८ मध्ये भारतात प्रथम नोंदली गेली. तिच्यासाठी वेगळे व्यवस्थापन आवश्यक असते.

खोडाच्या बुंध्याकडील कांडे मऊ होऊन कुजले, घाण वास आला आणि झाड अचानक कोलमडले, तर ती जिवाणूजन्य खोडकूज असते. बुरशीनाशकाचा तिच्यावर परिणाम होत नाही. तेथे पाण्याचा निचरा सुधारणे हा पहिला उपाय आहे.

फुलोऱ्यानंतर झाड अकाली वाळले, खोड चिरल्यावर आतील धागे सुटे झालेले आणि त्यावर कोळशाच्या पुडीसारखे काळे कण दिसले, तर ती मॅक्रोफोमिना फॅसिओलिना बुरशीची काळी खोडकूज समजावी. हा रोग बुरशीजन्य असला तरी बुरशी जमिनीतून मुळांत शिरलेली असते, त्यामुळे पानांवरील फवारणी तेथे पोहोचत नाही. फुलोरा आणि दाणे भरण्याच्या काळात पाण्याचा ताण पडू न देणे हाच त्यावरील परिणामकारक मार्ग होय.

हंगाम आणि प्रदेशानुसार बदलणारा धोका

एकाच वाणावर वेगवेगळ्या प्रदेशांत वेगवेगळे रोग प्रबळ ठरतात. गंगेच्या खोऱ्यातील वाराणसी व पूर्व उत्तर प्रदेशाच्या उष्ण-दमट खरिपात मेडिस करपा आणि पर्णकोष करपा यांना अनुकूल परिस्थिती मिळते. दख्खनच्या पठारावर, विशेषतः थंड रात्री व दाट दव असलेल्या भागात, टर्सिकम करप्याला अधिक वाव असतो. कोरडवाहू खरिपात पावसाचा खंड फुलोऱ्याच्या वेळी पडल्यास काळी खोडकूज डोके वर काढते. देशातील पहिला अखिल भारतीय समन्वित पीक संशोधन प्रकल्प १९५७ मध्ये मका पिकासाठीच सुरू झाला. वाणांची चाचणी निरनिराळ्या कृषी हवामान विभागांत स्वतंत्रपणे घेण्याची पद्धत त्यातून रूढ झाली. दुसऱ्या राज्यातील फवारणीचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलणे योग्य नाही, याचे कारण या भिन्नतेत आहे.

औषधापूर्वी वाण : १९७० चा धडा

रोगप्रतिकारक्षम वाण हा सर्वांत स्वस्त उपाय असतो. मात्र एकाच प्रकारच्या वाणांवर संपूर्ण प्रदेश अवलंबून राहिला, तर काय होते हे अमेरिकेने १९७० मध्ये अनुभवले. संकरित बियाणे तयार करताना मादी ओळीचे तुरे खुडण्याचा खर्च वाचावा म्हणून तेथे ‘टेक्सास’ नरवंध्य पेशीद्रव्याचा वापर सार्वत्रिक झाला होता. देशातील सुमारे ८५ टक्के संकरित मका या एकाच पेशीद्रव्यावर आधारलेला होता. हे पेशीद्रव्य मेडिस करप्यास बळी पडते, अशी नोंद १९६१ मध्येच फिलिपिन्समधील संशोधकांनी केली होती. ती दुर्लक्षिली गेली. बुरशीचा ‘टी’ हा प्रकार पसरला आणि त्या एका हंगामात अमेरिकेतील सुमारे १५ टक्के मका नष्ट झाला. त्यावर मात झाली ती पुढील काळात बियाण्याचे पेशीद्रव्य बदलल्यामुळे.

गावपातळीवर या घटनेचा अर्थ सरळ आहे. गावातील सर्व क्षेत्र एकाच संकरित वाणाखाली आणू नये. मागील हंगामात करपा तीव्र झालेला वाण त्याच शेतात पुन्हा पेरू नये. बियाणे घेताना उत्पादनाबरोबर टर्सिकम करपा आणि तांबेरा यांबाबतची सहनशीलता विचारावी.

पेरणीपूर्व व्यवस्थापन

टर्सिकम व मेडिस करप्याच्या बुरशी मक्याच्या जुन्या पानांवर व धाटांवर जिवंत राहतात. मक्यानंतर मका घेतल्यास नव्या पिकाच्या पायाशीच रोगाचा साठा तयार असतो. सोयाबीन, तूर, हरभरा किंवा भाजीपाल्याशी फेरपालट करावी. धसकटे व पाला जमिनीत खोल गाडावा किंवा कंपोस्टसाठी वापरावा. केवड्याचा प्रादुर्भाव असलेल्या भागात रोगट ज्वारीनंतर लगेच मका घेणे टाळावे.

केवड्यासाठी मेटालॅक्झिल ३५ टक्के डब्ल्यूएस या बुरशीनाशकाची ६ ते ७ ग्रॅम प्रतिकिलो बियाणे या प्रमाणात बीजप्रक्रिया करावी. रंगीत आवरण असलेल्या संकरित बियाण्यास कंपनीनेच प्रक्रिया केलेली असते. पिशवीवरील माहिती वाचून कोणते औषध लावले आहे ते पाहावे आणि तेच औषध पुन्हा लावू नये. बीजप्रक्रियेचा क्रम प्रथम बुरशीनाशक, नंतर कीटकनाशक आणि शेवटी जिवाणू खत असा ठेवावा.

पर्णकोष करप्याच्या शेतात पीक ३० ते ४० दिवसांचे असताना जमिनीलगतची दोन ते तीन पाने पर्णकोषासह काढून टाकावीत. जमिनीतील बुरशीला वर चढण्याची शिडीच त्यामुळे तुटते. काढलेली पाने शेतात न टाकता बाहेर न्यावीत. नत्राची मात्रा एकाच वेळी न देता विभागून द्यावी आणि शिफारशीपेक्षा दाट लागवड करू नये.

पाहणी आणि निर्णय

तुरा बाहेर पडण्याच्या आठ-दहा दिवस आधीपासून आठवड्यातून दोनदा पाहणी करावी. बांधावरून शेत पाहिल्यास रोग कळत नाही. शेतात नागमोडी चालत पाच ठिकाणी प्रत्येकी २० अशी १०० झाडे पाहावीत. प्रत्येक झाडाचे कणसाचे पान शोधावे आणि तेथून खाली तीन पाने मोजावीत. अमेरिकेतील मका विस्तारसेवेत पुढील ठोकताळा प्रचलित आहे : वाण रोगास बळी पडणारा असेल आणि तुऱ्याच्या सुमारास निम्म्या झाडांवर कणसाखालील तिसऱ्या पानावर किंवा त्याच्या वर डाग दिसत असतील, तर फवारणीचा विचार करावा. आपल्याकडेही पाहणीला शिस्त लावण्यासाठी तो मार्गदर्शक म्हणून वापरता येतो. अंतिम निर्णय स्थानिक विद्यापीठाच्या शिफारशीनुसार घ्यावा.

या आकड्यासोबत आणखी चार प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवावीत. वाण सहनशील आहे का? मागील पीक मका होते का? पुढील आठवड्यात ढगाळ हवामान, पाऊस किंवा दाट दवाचा अंदाज आहे का? पीक उशिरा पेरलेले आहे का? रोगास अनुकूल उत्तरे जितकी अधिक, तितकी फवारणी फायद्याची ठरण्याची शक्यता वाढते. वाण सहनशील, हवा कोरडी आणि डाग केवळ बुंध्याकडील पानांवर असतील, तर थांबणे हाच योग्य सल्ला होय.

खर्चाचा हिशेबही याच वेळी करावा. समजा, औषध, मजुरी आणि पाणी मिळून एकरी १,८०० रुपये खर्च येतो. खरीप २०२५-२६ साठी मक्याची किमान आधारभूत किंमत क्विंटलला २,४०० रुपये आहे. या दराने खर्च भरून निघण्यास एकरी ७५ किलो मका वाचला पाहिजे. बाजारात १,८०० रुपयेच दर मिळाला, तर पूर्ण एक क्विंटल वाचावा लागतो. एकरी २५ क्विंटल अपेक्षित असलेल्या शेतात हे प्रमाण अनुक्रमे ३ व ४ टक्के होते. रोग खरोखर वर चढत असेल तर एवढे नुकसान टळणे शक्य असते. एकरी १० क्विंटलच्या हलक्या जमिनीत मात्र तोच खर्च ७.५ ते १० टक्क्यांवर जातो आणि तेथे फवारणीचा निर्णय अधिक काटेकोर हवा.

औषधाची निवड

मँकोझेब हे स्पर्शजन्य, संरक्षक बुरशीनाशक आहे. ते पानाच्या पृष्ठभागावर राहते आणि बीजाणू रुजण्यापूर्वी त्यास मारते. पानात शिरलेल्या बुरशीवर त्याचा परिणाम होत नाही आणि जोराच्या पावसाने ते धुऊन जाते. ते बुरशीच्या अनेक जैविक क्रियांवर एकाच वेळी आघात करते, त्यामुळे बुरशीत प्रतिकारशक्ती निर्माण होण्याचा धोका कमी असतो. मक्यावरील पानांचा करपा व केवडा यांसाठी मँकोझेब ७५ टक्के डब्ल्यूपी हेक्टरी १.५ ते २ किलो, म्हणजे साधारण २.५ ग्रॅम प्रतिलिटर पाणी, या प्रमाणात वापरले जाते. रोगाची पहिली लक्षणे दिसताच फवारणी झाली तरच त्याचा लाभ मिळतो.

ॲझॉक्सिस्ट्रोबिन बुरशीच्या पेशीतील श्वसनक्रिया रोखते. डायफेनोकोनॅझोल हे ट्रायझोल गटातील औषध बुरशीच्या पेशीपटलास आवश्यक असलेल्या अर्गोस्टेरॉलची निर्मिती थांबवते. ही दोन्ही पानात शोषली जातात. ॲझॉक्सिस्ट्रोबिन १८.२ टक्के अधिक डायफेनोकोनॅझोल ११.४ टक्के एससी हे संयुक्त बुरशीनाशक मक्यावरील करपा व केवडा यांसाठी १ मिलि प्रतिलिटर पाणी या प्रमाणात वापरले जाते.

केवड्याचा सूक्ष्मजीव प्रत्यक्षात बुरशीसारखा दिसणारा वेगळ्या गटातील जीव आहे. तो स्वतः अर्गोस्टेरॉल तयार करीत नाही. त्यामुळे केवळ ट्रायझोल गटातील औषध केवड्यावर निष्प्रभ ठरते. मेटालॅक्झिल याउलट केवड्यावर प्रभावी आहे, पण करप्यावर किंवा तांबेऱ्यावर त्याचा उपयोग नाही. ‘बुरशीनाशक’ हा एकच शब्द वापरला जात असला तरी प्रत्येक औषधाचे लक्ष्य वेगळे असते, हे विक्रेत्याकडे जाण्यापूर्वी ध्यानात ठेवावे.

स्ट्रोबिल्युरिन गटातील औषधे बुरशीच्या एकाच ठिकाणी आघात करतात. ती एकटी व वारंवार वापरल्यास प्रतिकारक्षम बुरशी निर्माण होण्याचा धोका मोठा असतो. म्हणून संयुक्त स्वरूपातील औषध वापरावे आणि दुसऱ्या फवारणीची गरज पडल्यास वेगळ्या गटाचे औषध निवडावे. लेबलवर मका आणि संबंधित रोग यांचा उल्लेख नसलेले औषध वापरू नये. मंजुरी व मात्रा काळानुसार बदलतात, म्हणून खरेदीच्या वेळी डब्यासोबतचे माहितीपत्रक वाचावे आणि बॅच क्रमांकासह पक्के बिल घ्यावे.

फवारणीचे तंत्र

पिकाच्या मुख्य फवारणीसाठी पूर्ण तुरा बाहेर पडल्यापासून स्त्रीकेसर दिसेपर्यंतचा काळ सर्वाधिक उपयुक्त मानला जातो. तुरा येण्यापूर्वीच्या दोन आठवड्यांत कणसाची वाढ आत सुरू असते. या काळात बुरशीनाशकासोबत चिकटद्रव्य किंवा पसरकद्रव्य मिसळून फवारल्यास कणसाची वाढ खुंटून ते आखूड राहिल्याच्या नोंदी अमेरिकेत झाल्या आहेत. तुऱ्यापूर्वी फवारणी करणे भाग पडल्यास लेबलवर सांगितल्याशिवाय असे द्रव्य मिसळू नये.

पाठीवरील पंपाने एकरी सुमारे २०० लिटर पाणी वापरावे. १५ लिटरच्या पंपास १ मिलि प्रतिलिटर प्रमाणाचे १५ मिलि औषध लागते. ते झाकणाने अंदाजे न घेता मापाने घ्यावे. पोकळ शंकूचा बारीक फवारा देणारे नोझल वापरावे आणि कणसाच्या पानाच्या वर व खाली दोन-दोन पाने पूर्ण भिजतील असे पाहावे. केवळ तुरे भिजवून उपयोग नाही. पाने दवाने ओली असताना, जोराचा वारा असताना किंवा दोन-तीन तासांत पाऊस अपेक्षित असताना फवारणी टाळावी.

ड्रोनद्वारे फवारणीत पाणी एकरी साधारण १० लिटर लागते. एकरी औषधाची मात्रा मात्र लेबलप्रमाणेच ठेवावी. उंच मक्यात माणसाला आत शिरावे लागत नाही हा ड्रोनचा मोठा लाभ आहे. परंतु दाट पिकात खालच्या पानांपर्यंत थेंब कमी पोहोचतात, म्हणून पर्णकोष करप्यासाठी त्यावर विसंबू नये.

फवारणीनंतर जुने डाग हिरवे होत नाहीत. ‘औषध लागू पडले नाही’ असा समज त्यातून होतो आणि दुसरी फवारणी केली जाते. परिणाम पाहावयाचा असेल, तर फवारणीपूर्वी कणसाच्या पानावरील व त्यावरील पानांवरील डाग मोजून ठेवावेत आणि १०-१२ दिवसांनी पुन्हा मोजावेत. नवे डाग थांबले असतील तर फवारणी यशस्वी झाली आहे.

फवारणी करणाऱ्याची सुरक्षितता

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजुरांचे प्राण गेले. ती फवारणी कपाशीवरील होती. वाढलेल्या उंच पिकात शिरून, डोक्याच्या पातळीवर फवारा मारण्याची परिस्थिती मक्यात अधिकच तीव्र असते. तुऱ्यावर आलेला मका माणसाच्या डोक्यापेक्षा उंच असतो, ओळींतून हवा खेळत नाही आणि भिजलेली पाने चेहरा, मान व हात यांना सतत घासतात. बुरशीनाशक हे कीटकनाशकाइतके तीव्र नसते, या समजुतीने संरक्षक साधने टाळली जातात. त्यातच एखादे कीटकनाशक मिसळलेले असले की धोका अनेक पटींनी वाढतो.

म्हणून लेबलवर शिफारस नसलेली मिश्रणे करू नयेत. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा, मुखपट्टी आणि बूट वापरावेत. वाऱ्याच्या दिशेने पाठ ठेवून, न फवारलेल्या ओळीतून चालावे. भर दुपारी फवारू नये. एकाच मजुराकडून सलग दिवसभर काम करून घेऊ नये. मळमळ, चक्कर, घाम किंवा अंधुक दिसणे अशी लक्षणे जाणवताच काम थांबवून रुग्णालय गाठावे आणि औषधाचा डबा किंवा माहितीपत्रक सोबत न्यावे. उपचाराची दिशा त्यावरून ठरते.

काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी हा मक्यात विशेष महत्त्वाचा आहे. स्वीटकॉर्नची कणसे स्त्रीकेसर दिसल्यानंतर साधारण तीन आठवड्यांत काढली जातात. त्यामुळे स्त्रीकेसर अवस्थेतील फवारणी आणि काढणी यांत पुरेसे अंतर राहीलच असे नाही. हिरवा चारा व मुरघास यांसाठीच्या मक्यातही हाच प्रश्न येतो, कारण औषधाचा अंश जनावराच्या पोटात जातो. माहितीपत्रकावरील दिवस मोजून तेवढे अंतर मिळत नसेल, तर फवारणी करू नये.

गावातच उत्तर शोधणारी पट्टी

फवारणीने लाभ झाला की नाही, हे संपूर्ण शेत फवारल्यास कधीच कळत नाही. चांगला पाऊस झालेल्या वर्षी पीक औषधाशिवायही चांगले येते आणि श्रेय औषधाला मिळते. विस्तार कार्यकर्त्यांनी प्रत्येक गावात किमान दोन-तीन शेतकऱ्यांकडे आठ ओळींची एक पट्टी फवारणीविना राखून घ्यावी. वाण, खत, पाणी सर्व समान असावे.

काढणीच्या वेळी फवारलेल्या व न फवारलेल्या भागातून ६० सेंमी अंतराच्या प्रत्येकी चार ओळी, १० मीटर लांबीपर्यंत, वेगळ्या काढाव्यात. हे क्षेत्र २४ चौरस मीटर होते. दाणे सारखे वाळवून वजन करावे. या क्षेत्रात १ किलोचा फरक आढळला, तर एकरी सुमारे १६९ किलोचा फरक समजावा. वरील हिशेबातील ७५ किलोची मर्यादा गाठण्यास २४ चौरस मीटरमागे साधारण ४५० ग्रॅम फरक पुरतो. शेतातील जमीन सर्वत्र सारखी नसते, म्हणून तीन ठिकाणी वजन करून सरासरी घ्यावी. सोबत वाणाचे नाव, पेरणीची तारीख, फवारणीची तारीख आणि त्या दिवशी कणसाच्या पानावर असलेला रोग यांची नोंद ठेवावी.

दोन-तीन हंगामांच्या अशा नोंदी जमल्या की कोणत्या वाणावर, कोणत्या पेरणीत आणि कोणत्या हवामानात फवारणी फायद्याची ठरते, हे त्या गावापुरते स्पष्ट होईल. पुढील हंगामात शेतकऱ्याने ‘मक्यावर काय मारू?’ असे विचारले, तर कृषी सहायकाने प्रथम त्याच्यासोबत शेतात जाऊन कणसाचे पान पाहावे आणि मग या नोंदी समोर ठेवून उत्तर द्यावे.